रेझ्युमेमधलं खोटं आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन : आतून कसं दिसतं

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मागच्या भागात आपण नोटीस पीरियड आणि बायआउट यावर बोललो होतो. त्यानंतर जे मेल आले, त्यातले निम्मे एकाच विषयावर होते. त्यातला एक वाचून दाखवते, नाव अर्थातच सांगत नाही. "ताई, मी नांदेडचा, दीड वर्ष पुण्यात आहे. इंजिनिअरिंग झालंय, टेस्टिंगचा कोर्स केलाय. फ्रेशर म्हणून कुणी घेत नाही. एक कन्सल्टन्सी म्हणतेय, दोन वर्षांचा एक्सपीरियन्स लावून देतो, पीएफसकट. रूमवरच्या दोघांनी असंच केलंय आणि त्यांना जॉब लागलाय. करू का?"

तर आजचा विषय हाच. रेझ्युमेमध्ये खोटं लिहिणं आणि त्यानंतर होणारी पडताळणी. आपल्याकडे त्याला सगळे बीजीव्ही म्हणतात, मीही तेच म्हणेन.

नवीन श्रोत्यांसाठी सांगते, मी या क्षेत्रात बारा वर्षं आहे. पहिली तीन वर्षं एका पडताळणी एजन्सीत होते, म्हणजे दिवसभर लोकांच्या जुन्या ऑफिसांना आणि विद्यापीठांना फोन आणि मेल करायचे. नंतर कंपनीच्या बाजूने एचआरमध्ये. म्हणजे रिपोर्ट तयार करणंही पाहिलंय आणि तो रिपोर्ट हातात घेऊन समोरच्याला "सॉरी" म्हणणंही केलंय. आज उपदेश करायचा नाहीये. हे यंत्र आतून कसं चालतं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

खोटं म्हणजे नक्की काय?

सगळ्यात आधी हे स्पष्ट करू. रेझ्युमे ही जाहिरातच असते. त्यात आपली चांगली बाजू पुढे ठेवायची, कमी महत्त्वाचं गाळायचं, यात काही गैर नाही. तुम्ही सहा महिने केटरिंगचं काम केलं आणि आता अकाउंट्समध्ये अर्ज करताय, तर केटरिंग लिहिलं नाही तरी चालतं. पण अर्जात किंवा बीजीव्हीच्या फॉर्ममध्ये "मागच्या सात वर्षांतल्या सगळ्या नोकऱ्या द्या" असं विचारलं असेल, तर तिथे लिहायलाच लागतं. रेझ्युमे तुमचा कागद असतो, फॉर्म हे तुमचं सहीनिशी दिलेलं निवेदन असतं. हा फरक फार लोकांना माहीत नसतो आणि तिथेच गाडी अडकते.

मग येतो मधला पट्टा. टीममध्ये पाच जणांतले एक होतात आणि लिहिलं "प्रोजेक्ट लीड केला". एक्सेल येतं, लिहिलं "ॲडव्हान्स्ड एक्सेल". हे बीजीव्हीत सापडत नाही, मुलाखतीत सापडतं.

आणि मग सरळ खोटं. माझ्या पाहण्यात ते पाच प्रकारचं असतं. तारखा ताणणं, म्हणजे मार्चमध्ये सोडलेली नोकरी सप्टेंबरपर्यंत दाखवणं. पद वाढवणं. पगार फुगवणं. न झालेली डिग्री झाली म्हणून लिहिणं, यात बहुतेक वेळा एक-दोन विषय राहिलेले असतात. आणि पाचवं, न केलेली नोकरीच दाखवणं, ज्याला बाजारात 'फेक एक्सपीरियन्स' म्हणतात.

बीजीव्ही कशी चालते

आता प्रक्रिया बघू. ऑफर मिळाली की एक लिंक येते. त्यात संमती द्यायची, माहिती भरायची, कागद अपलोड करायचे. बहुतेक कंपन्या हे काम बाहेरच्या एजन्सीला देतात. कुठे रुजू होण्याआधी पूर्ण करतात, कुठे रुजू करून घेतात आणि रिपोर्ट नंतर येतो. ऑफर लेटरमध्ये एक ओळ असतेच : ही ऑफर पडताळणी समाधानकारक होण्याच्या अटीवर आहे. ती ओळ कुणी वाचत नाही. वाचा.

मग एकेक घटक तपासला जातो. ओळख, पत्ता, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, कोर्टातले खटले, कुठे कुठे संदर्भ देणाऱ्या व्यक्तीशी बोलणं.

शिक्षणासाठी गुणपत्रिकेची प्रत विद्यापीठाकडे जाते. विद्यापीठं यासाठी शुल्क घेतात आणि लेखी उत्तर देतात. अलीकडे डिजिलॉकर आणि नॅशनल अकॅडमिक डिपॉझिटरीमुळे बरंच थेट दिसतं. यूजीसी दरवर्षी बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते, तीही बघितली जाते.

नोकरीसाठी जुन्या कंपनीच्या एचआरला मेल जातो. लक्षात घ्या, तुम्ही दिलेल्या नंबरवर चांगली एजन्सी फोन करत नाही. ती कंपनीचा अधिकृत नंबर आणि डोमेन स्वतः शोधते. "सर माझे मित्रच आहेत, ते सांभाळून घेतील" हा हिशेब तिथेच फसतो.

आणि मग यूएएन. ही गोष्ट नीट समजून घ्या. 2014 पासून प्रत्येक पीएफ सभासदाला बारा आकडी यूएएन असतो. नोकऱ्या बदलल्या तरी नंबर तोच. कुठल्या आस्थापनेत कधी रुजू झालात, कधी सोडलंत, कुठल्या महिन्याची वर्गणी भरली, हे सगळं त्यात दिसतं. एजन्सी तुमच्याकडून सर्व्हिस हिस्टरी किंवा पासबुक मागते. तुम्ही सप्टेंबर लिहिलं आणि वर्गणी मार्चला थांबली, तर पुढे कुणाला फोन करायची गरजच उरत नाही.

दुसरा कागद म्हणजे फॉर्म 26एएस किंवा आता एआयएस. तुमच्या पगारातून कुणी टीडीएस कापला, त्याची नोंद तिथे असते. एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्या असतील तर दोन नावं दिसतात. 2022 मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की प्रतिस्पर्ध्यांसाठीही काम करणारे 300 कर्मचारी सापडले आणि त्यांना काढलं. तेव्हापासून मूनलायटिंग हा शब्द घराघरांत गेला आणि हे कागद मागणंही वाढलं.

आयटीमध्ये आणखी एक आहे, नॅसकॉमची नॅशनल स्किल्स रजिस्ट्री, 2006 पासूनची. काही कंपन्या त्यात नोंदणी करायला लावतात.

शेवटी रिपोर्ट. त्याला रंग असतात. ग्रीन म्हणजे जुळलं. अंबर म्हणजे किरकोळ फरक आहे किंवा पडताळणी होऊ शकली नाही. रेड म्हणजे फरक गंभीर आहे. एक सांगते, एजन्सी कुणाला नोकरीवरून काढत नाही. ती रंग देते, निर्णय कंपनीचा. म्हणूनच अंबर आला की घाबरायचं नसतं, बोलायचं असतं.

कागद कसे बोलतात

एजन्सीत असताना आमच्या टीममधले एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांच्या हातात बनावट सॅलरी स्लिप आली की ते आधी फेब्रुवारीची स्लिप काढायचे. का? महाराष्ट्रात ठरावीक पगाराच्या वर व्यवसाय कर महिन्याला 200 रुपये कापतात आणि फेब्रुवारीत 300. वर्षाचे मिळून 2500. घरी बसून स्लिपा बनवणारा बाराही महिने 200 टाकतो. पुण्यातली कंपनी आणि फेब्रुवारीला 200? झालं.

तसंच कंपनीचा सीआयएन. लेटरहेडच्या तळाशी एकवीस अक्षरांचा क्रमांक असतो, त्यात राज्य असतं आणि कंपनी नोंदली गेली ते वर्षही असतं. अनुभवपत्र 2016 चं आणि सीआयएनमध्ये 2019. म्हणजे कंपनी जन्मायच्या तीन वर्षं आधी तिने तुम्हाला नोकरी दिली!

पुणे विद्यापीठाचं नाव 2014 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. 2011 मध्ये हातात आलेल्या मूळ गुणपत्रिकेवर नवं नाव असेल, तर तो कागद 2011 चा नाही. बँक स्टेटमेंटवर 2021 च्या तारखा आणि वर विजया बँकेचं नाव असेल, तर ती बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली आहे.

बाहेरचं एक प्रसिद्ध उदाहरण पाकिस्तानातलं. 2017 मध्ये नवाझ शरीफ कुटुंबाच्या चौकशीत 2006 ची म्हणून दिलेली कागदपत्रं कॅलिब्री फॉन्टमध्ये होती, आणि तो फॉन्ट सर्वसामान्यांच्या हाती 2007 मध्ये आला. अक्षराच्या वळणावरून वाद पेटला.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सांगून तुम्ही फेब्रुवारीचा आकडा दुरुस्त करायला शिकवताय. नाही हो. मुद्दा असा की एक खोटं टिकवायला शंभर बारीक गोष्टी खऱ्या जुळाव्या लागतात. स्लिप जुळली तर बँक खात्यात पगार जमा दिसायला हवा, तो दिसला तर टीडीएस हवा, तो असला तर पीएफ हवा, आणि या सगळ्यांच्या नोंदी तुमच्या हातात नसतात. खऱ्या माणसाला यातलं काहीच जुळवावं लागत नाही, त्याचं आपोआप जुळतं.

"पीएफसकट लावून देतो"

आता नांदेडच्या त्या मित्राकडे येते, कारण त्याची कन्सल्टन्सी हुशार आहे. ती म्हणतेय पीएफसकट.

हा धंदा असा चालतो. एखादी नावापुरती कंपनी असते, नोंदणी खरी असते. तिच्या पगारपत्रकावर तुमचं नाव चढवतात, काही महिने पीएफ भरतात, तोही तुमच्याच पैशातून. खात्यात 'पगार' जमा करतात आणि तेवढेच पैसे रोखीने परत घेतात. एचआर म्हणून एक माणूस मेलला उत्तर देतो. वर कुठे कुठे मुलाखतीला दुसराच माणूस बसवायची सोय, म्हणजे प्रॉक्सी. मुलं घरून कर्ज काढून, कधी आईचे दागिने मोडून हे पैसे भरतात.

पहिल्या बीजीव्हीत हे निघून जाऊ शकतं. खोटं का सांगू? रूमवरच्या दोघांचं निघून गेलंय. पण पुढचं ऐका.

अशी कंपनी एका माणसासाठी उभी राहत नाही. शंभर-दोनशे जण त्याच पत्त्यावरून 'अनुभवी' होतात. कधीतरी एकाचा प्रश्न उपस्थित होतो, एजन्सीचा माणूस पत्त्यावर जातो, तिथे दहा बाय बाराचा बंद गाळा असतो. मग ते नाव संशयित कंपन्यांच्या यादीत जातं. मोठ्या कंपन्या आणि एजन्सी अशा याद्या ठेवतात आणि जुने रेकॉर्ड त्या यादीशी पुन्हा ताडून बघतात. म्हणजे तुम्ही चार वर्षं इमानेइतबारे काम केलंय, प्रमोशन झालंय, होमलोन घेतलंय, आणि एका सोमवारी मीटिंग रूममध्ये बोलावणं येतं. अशा दोन मीटिंगांमध्ये मी टेबलाच्या या बाजूला बसलेय. समोरचा माणूस कामाला उत्तम होता. मॅनेजर म्हणत होता, राहू द्या. नाही राहू देता आलं, कारण क्लायंटशी केलेल्या करारातच लिहिलं होतं की प्रत्येक माणूस पडताळलेला असेल.

आणि त्याच्या हातात काय उरलं? त्या चार वर्षांचा खरा अनुभव. पण तो लिहायचा तर आधीची खोटी दोन वर्षंही यूएएनवर कायमची बसलेली. खोटं रेझ्युमेमधून खोडता येतं, पीएफच्या नोंदीतून खोडता येत नाही. "पीएफसकट" या शब्दाचा खरा अर्थ हा आहे.

कायद्याचंही सांगते. बहुतेक खासगी कंपन्या पोलिसांत जात नाहीत, काढतात आणि विषय संपवतात. पण जाऊ शकतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यात फसवणूक कलम 318 मध्ये, बनावट दस्तऐवज कलम 336 मध्ये, आणि बनावट कागद खरा म्हणून वापरणं कलम 340 मध्ये येतं. कागद कन्सल्टन्सीने बनवला असला तरी वापरलात तुम्ही. आणि कन्सल्टन्सीचा माणूस त्या दिवशी फोन उचलत नाही, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मित्रा, माझं उत्तर 'नको' असं आहे. पण नुसतं 'नको' म्हणून तुला जॉब लागत नाही, हे मला कळतं. त्यावर पुढे बोलते.

झाकलेली गोष्ट लहान, झाकण मोठं

एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून. लातूरकडचा मुलगा, मुलाखतीत उत्तम, सगळ्यांना आवडला. बीजीव्हीत दिसलं की जुनी नोकरी चौदा महिने आधीच संपली होती, त्याने ती चालू असल्याचं दाखवलं होतं. रिलीव्हिंग लेटरवरची तारीख बदलली होती. मी फोन केला.

"मॅडम, त्यात थोडी गडबड आहे," तो म्हणाला.

"गडबड म्हणजे? तारीख कुणी बदलली?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मीच. मॅडम, वडलांना पॅरालिसिस झाला होता. मी एकटाच आहे. चौदा महिने गावाकडे होतो. त्याआधी तीन ठिकाणी खरं सांगितलं, तिघांनीही गॅप आहे म्हणून पुढे बोलावलंच नाही. मग मित्रानं सांगितलं, पीडीएफमध्ये तारीख बदलता येते."

"हॉस्पिटलचे कागद आहेत?"

"सगळे आहेत मॅडम. डिस्चार्ज कार्ड आहे, फिजिओथेरपीची बिलं आहेत. पाठवू?"

ते कागद त्याने अर्जासोबत दिले असते, तर आमच्याकडे तो अडला नसता. वडलांच्या आजारपणाचा गॅप मी स्वतः कितीतरी वेळा मंजूर करून घेतलाय. पण बदललेलं रिलीव्हिंग लेटर मंजूर करून घ्यायला माझ्याकडे मार्गच नव्हता. ऑफर मागे घेतली गेली. आणि हेही खरं की आधीच्या तिघांनी त्याला जे शिकवलं, तेच त्याने माझ्याकडे केलं. यावर एचआरवाल्यांशी थोडं बोलायचंय, थांबा.

कोर्टाच्या भाषेतही हाच फरक येतो. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात निकाल दिला. प्रश्न सरकारी नोकरीच्या पडताळणी फॉर्ममध्ये फौजदारी खटल्याची माहिती लपवण्याचा होता. न्यायालय म्हणालं, अटक, खटला, शिक्षा, सुटका, जे विचारलंय त्याचं उत्तर खरंच द्यायला हवं. पण लपवलेली गोष्ट किरकोळ असेल, उदाहरणार्थ तरुणपणी घोषणा दिल्याचा गुन्हा, तर नोकरी देणारा विचार करून ती माफ करू शकतो. म्हणजे किरकोळ गोष्टीला जागा आहे, पण ती जागा नोकरी देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. खरं सांगितलं असतं तर मर्जीवर अवलंबून राहावंच लागलं नसतं.

हे फक्त खालच्या पदांवर होतं असं नाही. अमेरिकेत याहूचे सीईओ स्कॉट थॉम्प्सन जानेवारी 2012 मध्ये आले आणि मे महिन्यात गेले. त्यांची खरी डिग्री अकाउंटिंगची, परिचयात सोबत कॉम्प्युटर सायन्सही लिहिलेलं. एका गुंतवणूकदाराने ते शोधून काढलं. सीईओ व्हायला ती डिग्री कुणी मागितलीही नसती! आणि एमआयटीच्या प्रवेश विभागाच्या प्रमुख मॅरिली जोन्स. तिथे अठ्ठावीस वर्षं काम, देशभर नाव, मुलांवरचा प्रवेशाचा ताण कमी करा म्हणून पुस्तक लिहिलेलं. 2007 मध्ये राजीनामा द्यावा लागला, कारण सुरुवातीला अर्जात लिहिलेल्या डिग्र्या नव्हत्याच. एवढ्या वर्षांत कधीही 'हे दुरुस्त करते' म्हणणं जमलं नाही, कारण दरवर्षी ते सांगणं आणखी अवघड होत गेलं असणार.

खरं असूनही रेड आला तर?

आता दुसरी बाजू. प्रत्येक न जुळणारी गोष्ट खोटी नसते, आणि आपल्याकडे तर मुळीच नाही.

पहिलं, नावं. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडलांचं नाव. पॅनवर उलटा क्रम. लग्नानंतर मुलींचं आडनाव बदलतं, कधी वडलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं. इंग्रजीत एका ठिकाणी डबल 'ए', दुसरीकडे एक. हे फरक आधीच एका कागदावर लिहून, सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत जोडा.

दुसरं, पीएफ. यूएएन नाही म्हणजे नोकरी खोटी, असं नसतं. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ कायद्याने सक्तीचा नाही. पहिल्याच नोकरीत मूळ वेतन 15,000 च्या वर असेल तरी कंपनी तुम्हाला पीएफबाहेर ठेवू शकते. कधी जुनी कंपनी सोडल्याची तारीखच भरत नाही आणि तुम्ही दोन ठिकाणी एकदम काम करताय असं दिसतं. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तारीख तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता. आजच लॉग इन करून बघा. बीजीव्हीच्या आदल्या रात्री नको.

तिसरं, बंद पडलेली कंपनी. मालकाचा फोन लागत नाही, एचआर नाही. अशा वेळी बँक स्टेटमेंट, फॉर्म 16, ऑफर लेटर, जुना आयडी, हे मिळून काम भागतं. म्हणून नोकरी सोडताना ऑफिसच्या मेलवर असलेले कागद आधीच काढून ठेवा. इतक्या सोप्या गोष्टीसाठी लोक नंतर रडतात.

आणि रिपोर्ट रेड आला तर शांतपणे विचारा : कुठल्या घटकात, कुणाच्या उत्तरावरून? लेखी मागा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर भर देतो आणि आपली चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्कही मान्य करतो. पण त्याच्याही आधी, एक नीट मेल आणि दोन जोडलेले कागद याने बरीच प्रकरणं सुटतात. मी सुटताना पाहिली आहेत.

आधीच लिहून झालंय, आता काय?

हा प्रश्न मला मेलमध्ये कुणी सरळ विचारत नाही. "माझ्या एका मित्राचं असं झालंय" असा येतो. चालेल, मित्रासाठी सांगते.

नुसता रेझ्युमे पाठवलाय, बोलावणं आलेलं नाही : दुरुस्त प्रत पाठवा, कारण द्यायचीही गरज नाही. मुलाखत झालीय, ऑफर नाही : रिक्रूटरला फोन करा, "रेझ्युमेमधल्या तारखा तपासताना एक चूक लक्षात आली, सुधारित प्रत पाठवतोय." काही जण थांबवतील, बरेच जण थांबवणार नाहीत. ऑफर आलीय आणि बीजीव्हीचा फॉर्म समोर आहे : फॉर्ममध्ये खरंच लिहा आणि रिक्रूटरला आधी कळवा. ऑफर जाण्याची शक्यता आहे, ती मी लपवत नाही. पण स्वतःहून सांगितलेला फरक आणि पकडलेला फरक यांचा शेरा वेगळा पडतो. बनावट कागद मात्र अपलोड करू नका. तारखेचा फरक ही विसंगती असते, बनावट कागद हा पुरावा असतो.

आणि नोकरीत येऊन काही वर्षं झाली असतील तर? इथे सगळ्यांना लागू पडेल असा सल्ला माझ्याकडे नाही. काय लपवलंय, किती मोठं आहे, यावर ते आहे. वकिलाशी बोला, ते पैसे वाया जात नाहीत. निदान पुढच्या अर्जात तेच पुन्हा लिहू नका.

फ्रेशरने मग करायचं काय?

नांदेडच्या मित्रा, तुझी अडचण खरी आहे. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. पण तुझ्याकडे दीड वर्ष आहे, ते रिकामं दाखवू नकोस. कोर्समध्ये केलेला प्रोजेक्ट नीट लिही, काय तपासलं, किती टेस्ट केसेस लिहिल्या, कुठले बग सापडले. ओपन सोर्स प्रकल्पात खरं टेस्टिंग करता येतं आणि त्याची नोंद सगळ्यांना दिसते. सपोर्टची, डेटा एंट्रीची, छोट्या फर्ममधली नोकरी मिळत असेल तर घे. सहा महिन्यांची खरी नोकरी दोन वर्षांच्या खोट्या नोकरीपेक्षा माझ्या टेबलावर जड असते. अप्रेंटिसशिपही बघ, त्याचं प्रमाणपत्र मिळतं. आणि गॅपबद्दल एकच ओळ : "जून ते डिसेंबर, घरगुती कारणासाठी विराम" किंवा "स्पर्धा परीक्षेची तयारी". एमपीएससीची दोन-तीन वर्षं लपवणारी मुलं मला दर महिन्याला भेटतात. अरे, लपवता कशाला? अभ्यासच केलात ना?

आणि एचआरवाल्यांनो

ऐकताय ना? गॅप दिसला की प्रोफाइल बाजूला टाकायची सवय आपण सोडू. एक फोन करा, विचारा. बाळंतपण, आजारपण, परीक्षा, शेतीचं वाईट वर्ष, ही आयुष्यातली नेहमीची कारणं आहेत. आपण खऱ्याला शिक्षा करतो आणि मग खोटं पकडायला एजन्सीला पैसे देतो. फॉर्ममध्ये "गॅप असल्यास कारण" एवढा एक रकाना ठेवा आणि तो भरणाऱ्याला पुढे बोलवा. जाहिरातीत "शून्य ते दोन वर्षं" लिहून शून्यवाल्याला कधीच न बोलावणं, हेही खोटंच आहे. त्याची बीजीव्ही कुणी करत नाही, एवढंच.

चला, वेळ संपली. आजचं काम एकच : पीएफचं पासबुक उघडा, तारखा रेझ्युमेशी ताडून बघा, फरक असेल तर या आठवड्यात दुरुस्त करा. पुढच्या भागात नावातल्या फरकांवर आणि राजपत्राच्या प्रक्रियेवर सविस्तर बोलू, त्यावरचे प्रश्न पाठवून ठेवा. काळजी घ्या, भेटू.